बॉनेटखालचा लाल रंग

३ मार्च, रविवार. सकाळ.

निर्णय झाला. गाडीच्या इंजिनवरचं कव्हर मी रंगवणार. स्वतः. घरी.

सासरेबुवा ऑपरेशनसाठी येताहेत. वीसला येणार, एकवीसला ऑपरेशन. एक डोळा त्यांचा केव्हाच गेला, दुसऱ्यात आता नुसत्या सावल्या उरल्यात. डॉक्टर म्हणतात आशा आहे, खात्री नाही. काल हिला फोनवर म्हणाले की हॉस्पिटलात जायचं ते आपल्याच गाडीतून आणि पुढच्या सीटवर बसून. पुढचं काही दिसो न दिसो, जाताना इंजिनचा आवाज तरी ओळखीचा पाहिजे म्हणे. आपली गाडी म्हणजे आमची. म्हणजे मूळ त्यांची. गेल्या वर्षी चालवता येईना तेव्हा त्यांनी किल्ली दिली. दिली हिच्या हातात, पण बघत माझ्याकडे होते. निदान माझ्या दिशेला.

हा माणूस आमच्याकडे आला की आधी बॉनेट उघडतो, मग घरात शिरतो. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, मला आजवर एकच वाक्य बोललेत: राहू दे. पाना उचलला, राहू दे. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो, राहू दे. एकदा तर मी नुसती पेपरची घडी घालत होतो.

आज काचेवर मारायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं. कव्हरच्या रंगाचे पोपडे निघालेत. इतकं दणकट अ‍ॅल्युमिनियमचं झाकण आणि काय ती अवकळा. मनात आलं, ऑपरेशन होऊन त्यांना दिसायला लागलं की पहिली गोष्ट दिसली पाहिजे ती लाल, झगझगीत, नवं कोरं झाकण. मग बघू कसं म्हणतात राहू दे.

हिला सांगितलं. म्हणाली बॉनेटच्या आत कोण बघायला जातंय. पुढे बाथरूमच्या नळाचा विषय काढू लागली. मी वाढवला नाही. नळ वेगळा, झाकण वेगळं.

दुपार.

व्हिडिओ पाहिला. दंडावर गोंदवून घेतलेला एक माणूस जाहिरातींसकट अकरा मिनिटांत सगळं उरकतो. मला एक शनिवार पुरे.

५ मार्च, मंगळवार.

रंगाचं दुकान. दुकानदाराला इंजिनमधलं ओ की ठो कळत नाही, पण आत्मविश्वास जबरदस्त. अशा माणसांशी माझं पटकन जमतं. म्हणाला, इंजिनला सगळे हाच नेतात. डब्याच्या टोपणावरचा लाल रंग पाहताक्षणी मनात भरला. मागची बारीक अक्षरं वाचत बसलो नाही. ती कंपनीवाले कायद्यापुरती छापतात.

शिवाय प्रायमर, चिकटपट्टी, चार जातींचे पॉलिश पेपर, चष्मा, मास्क. घरी येऊन चष्मा-मास्क चढवून आरशात पाहिलं. मोठ्या सर्जनसारखा दिसतो. कन्या म्हणाली, मधमाश्या पाळणाऱ्यासारखे दिसता. कॉलेजात हेच शिकवतात.

९ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

झाकण निघालं!

आधी वायरींचा फोटो काढला, म्हणजे कुठली कुठे ते कळेल. फोटोत बराचसा माझा अंगठाच आलाय, पण कडेने दोन वायरी स्पष्ट आहेत. मग बोल्ट. एकूण दहा. व्यवस्थितपणे काम करणाऱ्याची खूण म्हणजे बोल्ट जमिनीवर पसरलेले नसतात. मी एकेक काढून पँटच्या खिशात टाकला.

झाकण हलेना. हातोडीने प्रेमाने दोन टोले दिले, तशी कुईं करून वर आलं. खाली इंजिन उघडं पडलं. तेलाने माखलेले दांडे, चाकं, साखळी. वर एक जुनी चादर पसरली. जुनी नव्हती असं नंतर कळलं.

बोल्ट खिशातून वाटीत काढून ठेवले. पँटला तेल लागलं होतं, ती धुण्यात टाकली. काम कसं चोख.

१० मार्च, रविवार.

गॅलरीत प्रायमर मारत होतो, ही आली. हातात काहीतरी धरून म्हणाली की वॉशिंग मशीनमध्ये केव्हाची खडखड चालली होती, निदान खिसे तरी बघत जा, आणि हे काय आहे, फेकू का ठेवू. हात रंगात असताना माणसाला असले प्रश्न विचारायचे! मी वळूनही न बघता सांगितलं की आज मला घरगुती प्रश्न विचारू नकोस. गेली बिचारी.

दुपारी रंगाचा पहिला हात. वारा किंचित उलटा होता. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या पांढऱ्या बनियनवर गुलाबी छटा आली म्हणून ते वर येऊन गेले. मी म्हटलं चांगली दिसतेय. त्यांना विनोद कळत नाही.

संध्याकाळ.

घात झाला. रंगाला सुरकुत्या पडल्या. सगळ्या झाकणावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक बारीक. आंघोळ लांबल्यावर बोटांना पडतात तशा. दुकानदाराने गळ्यात मारलेला माल. डगमगलो नाही. पॉलिश पेपर घेतला आणि सगळं घासून काढलं.

१३ मार्च, बुधवार.

ऑफिसातून लवकर येऊन दुसरा हात. या वेळी हळुवार, श्वास रोखून. अर्ध्या तासात पुन्हा सुरकुत्या! आणि पहिल्यापेक्षा एकसारख्या. कन्या म्हणाली छानच दिसतंय, असंच ठेवा. तिला काय कळतंय. घासून काढलं. बोटांची सालं निघाली. जेवताना आमटीने झोंबलं, पण मी हूं की चूं केलं नाही. दोनदाच केलं.

१५ मार्च, शुक्रवार.

दुकानदाराशी भांडायचं म्हणून डब्याच्या मागची अक्षरं भिंगाने वाचली, मुद्दे हाताशी असावेत म्हणून.

हा रंग सुरकुत्या पडण्यासाठीच असतो. इंजिनवर म्हणे तशीच फॅशन आहे. एकसारख्या सुरकुत्या पडल्या म्हणजे काम उत्तम झालं असं समजावं, असं छापलंय.

म्हणजे दोन वेळा उत्तम झालेलं काम मी माझ्या हाताने घासून टाकलं.

बराच वेळ गॅलरीत बसून होतो. मग उभारी आली. जे दोनदा जमलं ते तिसऱ्यांदा जमेलच. शिवाय डब्यावर असंही लिहिलंय की मंद आचेवर भाजल्यास रंग पक्का बसतो. आमच्याकडे ओव्हन आहे. तसा हिचा आहे. ती त्यात ऑर्डरचे केक करते. पण एका घरात माझं-तुझं काय करायचं.

१६ मार्च, शनिवार.

लिहवत नाही.

तरी थोडक्यात. ही बाजारात गेली होती. उरलेल्यातला निम्मा रंग मारून झाकण ओव्हनमध्ये सरकवलं. वास येणार हे धरलं होतं, पण इतका येईल असं वाटलं नव्हतं. डोळे चुरचुरायला लागले म्हणून दार उघडून लांब उभा राहिलो. झाकण तिरकं कलंडून जाळीला चिकटलं. ओढून काढलं, तर एका बाजूचा रंग जाळीवरच राहिला.

ही आली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ओव्हन घासला, उघडा ठेवून वारा दिला, आणि मग ऑर्डरचा केक केला, कारण संध्याकाळी वाढदिवसाला द्यायचा होता. तासाभरात केक परत आला. वाढदिवसवाल्यांच्या मते त्याला पेट्रोल पंपाचा वास येत होता. मी एक तुकडा खाल्ला. इतका काही येत नव्हता.

तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते कन्येच्या मार्फत.

१७ मार्च, रविवार.

अखेरचा हात. डब्यात रंग उरलाय की नाही ते कळेना म्हणून कानाशी धरून खळखळ हलवून पाहिला. बोट चुकून दाबलं गेलं. थोडासा फवारा उडाला, पण बहुतेक हवेतच गेला. कन्या काहीतरी सांगायला लागली की बाबा, तुमच्या... मी हाताने गप्प केलं. हातात डबा असताना मधे मधे बोललेलं मला खपत नाही.

रंग संपला. झाकणाच्या एका बाजूला सुरकुत्या, दुसरी गुळगुळीत, मधे पट्टा जरा फिका. लांबून बघितलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटतं. आणखी लांबून आणखी.

आता बसवायचं. वाटी घेऊन खाली आलो.

संध्याकाळ.

वाटीत नऊ बोल्ट आहेत.

पुन्हा मोजले. नऊ. गाडीखाली पाहिलं, चादर झटकली, पार्किंग झाडलं, काकांच्या स्कूटरखाली सरपटत गेलो. नऊच.

काढले दहा. म्हणजे दहावा इंजिनमध्ये पडला. झाकण निघताना कुईं झालं होतं, तेव्हाच पडला असणार. व्हिडिओ पुन्हा लावला. तो गोंदवलेला माणूस हसत हसत सांगतो की आत काही पडलं असेल तर गाडी अजिबात सुरू करू नका, इंजिनचं वाटोळं होईल. असल्या गोष्टी हसत सांगू नयेत.

झाकण नुसतंच वर ठेवून दिलं. बॉनेट लावलं. कुणाला काही बोललो नाही.

१८ मार्च, सोमवार.

फ्रिजवरचा एक चुंबक घेतला, मागे चुंबक आणि पुढे छोटी स्ट्रॉबेरी असलेला. दोऱ्याला बांधून इंजिनात सोडला. बोल्ट लोखंडाचा, चुंबकाला चिकटणारच. साधं विज्ञान आहे.

दोरा तुटला.

आता आत बोल्ट असो नसो, स्ट्रॉबेरी नक्की आहे.

ऑफिसात मात्र आज माझ्याकडे बघण्याची सगळ्यांची तऱ्हाच वेगळी. मान वळवून वळवून बघत होते. एखादं अवघड काम अंगावर घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात. साहेब तर माझ्या उजव्या बाजूला पाहत राहिले आणि घरी सगळं ठीक आहे ना असं फार मायेने विचारलं. सासऱ्यांच्या ऑपरेशनचं सांगितलं. न मागता दोन दिवसांची रजा दिली.

१९ मार्च, मंगळवार.

गॅरेजवाला गावाला गेलाय, पंचवीसला येणार. दुसरा म्हणाला गाडी ओढून आणा, पुढच्या आठवड्यात बघतो. तिसऱ्याला फोनवर स्ट्रॉबेरीचं सांगितलं, तर त्याने फोन ठेवला.

हिला सांगायला हवं. पण जी व्यक्ती आपल्याशी बोलत नाही तिला सांगायचं कसं? कन्येमार्फत सांगावं तर कन्या हसते. आज माझ्याकडे बघितलं की नुसती हसत सुटते.

संध्याकाळी हिने कन्येकडून विचारलं की उद्या आजोबांना स्टेशनवरून आणायला गाडी काढायची का. मी कन्येमार्फत कळवलं की उद्या टॅक्सी करावी, गाडी एकवीससाठी ताजी ठेवू. ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेली.

आरशापुढे कबुलीचं वाक्य म्हणून पाहायचं ठरवलं. बाथरूमपर्यंत गेलो आणि तिथला नळ गळताना पाहून परत आलो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. परवा हा माणूस कदाचित उरल्यासुरल्या सावल्यांनाही मुकेल. त्याने एवढंच मागितलं होतं की आपल्या गाडीतून जाऊ. आणि ती गाडी मी खाली बंद पाडून ठेवलीय. त्यांच्यासाठी म्हणूनच केलं होतं सगळं. हे कुणाला सांगू.

२० मार्च, बुधवार. संध्याकाळ.

रजा उद्यापासून होती, तेव्हा सकाळी त्यांची ट्रेन यायच्या आत ऑफिसला निघून गेलो. फाइल तातडीची होती. तशी सगळ्याच असतात.

येताना ठरवलं, आज सांगून टाकायचं. पार्किंगमध्ये शिरलो.

बॉनेट उघडं. कन्या टॉर्च धरून उभी. सासरेबुवा बाह्या सरसावून, डोळे मिटून, कोपरापर्यंत हात इंजिनात घालून चाचपताहेत. ही पदर खोचून शेजारी, हातात पाना. मडगार्डवर फडक्यात नीट पुसून ठेवलेली स्ट्रॉबेरी.

झालं होतं असं की ते टॅक्सीतून उतरले आणि नेहमीप्रमाणे आधी बॉनेटकडे गेले. हात फिरवला, तर झाकण डुगडुगत होतं. दुपारची झोप झाल्यावर लेकीला घेऊन खाली आले. लहानपणी हा माणूस गाडीखाली असायचा आणि ही शेजारी बसून पाने द्यायची. मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. बोल्ट आत पडलाय, गाडी सुरू करू नका, माझ्यामुळे झालं. सासरेबुवा म्हणाले की सगळीकडे हात घालून झाला, आत बोल्ट-बिल्ट काही नाही. तेवढ्यात हिने माझ्याकडे न बघता कमरेची गाठ सोडली आणि बोल्ट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. दहावा. दहा तारखेपासून तो कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात होता. तिने मला विचारलं होतं, फेकू का ठेवू.

मग सासरेबुवांनी झाकणावरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. म्हणाले, काय गंज चढलाय याच्यावर, फोड आलेत नुसते, आधी खरवडून काढ. हिने केकची सुरी आणवली. मी सांगणार होतो की तो गंज नाही, तो रंग आहे आणि सुरकुत्या मुद्दाम पाडलेल्या आहेत. पण सुरी लागताच रंग पापडासारखा सुटून यायला लागला. मला वाटलं निदान एवढं तरी माझ्या हाताने व्हावं. म्हटलं, द्या, मी करतो.

म्हणाले, राहू दे.

दोघांनी झाकण बसवलं. ते बोटांनी जागा दाखवत होते, ही आवळत होती. वायरीसुद्धा त्यांनी चाचपूनच लावल्या. माझा फोटो मी दाखवला नाही. हिने किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. सासरेबुवा कान देऊन बराच वेळ ऐकत राहिले आणि तिला म्हणाले, छान.

छान हा शब्द त्यांना येतो हे मला आज कळलं.

२१ मार्च, गुरुवार.

गाडी ही चालवत होती, ते पुढे, मी मागे पिशवी मांडीवर घेऊन. वाटभर ते इंजिन ऐकत होते. माझ्या मते नेहमीपेक्षा गोड चालत होतं, पण मत देण्याची वेळ नव्हती.

ही आम्हाला उतरवून गाडी लावायला गेली आणि हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्यांनी हात पुढे केला. मी धरला. इतका घट्ट धरला त्यांनी की माझी सोललेली बोटं ठणकली. मला वाटायचं हा माणूस कशालाच घाबरत नाही. मी म्हटलं, होईल सगळं नीट. माझं म्हणणं आजवर फारसं खरं ठरलेलं नाही हे त्यांना माहीत आहे, तरी त्यांनी मान हलवली.

ऑपरेशन झालं. उद्या पट्टी काढणार. ही खिडकीशी उभी होती, पाठमोरी. मी जवळ जाऊन उभा राहिलो. सरकली नाही.

२२ मार्च, शुक्रवार.

पट्टी काढली.

आम्ही सगळे पलंगाभोवती. ही त्यांच्या पायाशी, ओठ दाबून. कन्येने माझी बाही धरून ठेवलेली. मी पाण्याचा पेला घेऊन अगदी जवळ, कारण तेवढंच काम मला दिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, काय दिसतंय.

त्यांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग मान माझ्याकडे वळली. बघतच राहिले.

म्हणाले, जावईबापूंचा कान लाल का आहे?

ही रडायला लागली, रडता रडता हसायला लागली आणि त्यांच्या गळ्यात पडली. कन्या खुर्चीवर बसून पोट धरून हसत होती. डॉक्टरही हसले, नर्सही हसली. मी कानाला हात लावला. रविवारपासून, म्हणे. सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसला, काकांना, साहेबांना. ही ओव्हननंतर आज पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, सांगणारच होते, पण अबोला होता ना.

मी रुमाल ओला करून चोळायला लागलो. सासरेबुवा म्हणाले, राहू दे. दिसतंय मला.

संध्याकाळ.

त्यांना घरी आणलं. त्यांनी आधी बॉनेट उघडून पाहिलं, मग घरात आले. झाकण पांढरंफटक, स्वच्छ, कुठे लाल रंगाचा ठिपका नाही.

कानाला साबण लावला. रॉकेल लावलं. शेवटी बारीक पॉलिश पेपरसुद्धा फिरवून पाहिला. जात नाही.

रंग चांगला होता.